उजवा गाल

धुण्याच्या टाकीतून पत्रा वर आला आणि त्याच्यावरचं पाणी फुटलं नाही. मिनलने चिमट्यात धरलेला तो तळहाताएवढा पत्रा उजेडाकडे वळवला. पाण्याचा पातळ, अखंड पडदा त्याच्यावरून सावकाश उतरत होता; कुठे फाटत नव्हता, कुठे थेंब धरत नव्हता. हे चांगलं लक्षण. तेलाचा अंश जरी उरला असता, तरी पाणी तिथून मागे सरलं असतं, कोरडी बेटं सोडून. पाणी फुटलं की माल परत तेल काढायच्या टाकीत. नाही फुटलं की माल पुढे, ॲसिडकडे. चाकणच्या या प्लेटिंगच्या कारखान्यात लॅबमध्ये लागल्यापासून तिची सकाळ याच परीक्षेने सुरू व्हायची आणि पाणी अखंड उतरताना पाहिलं की तिला आतून बरं वाटायचं, स्वच्छ घासलेल्या ताटाकडे पाहून आईला वाटतं तसं. आज ते बरं वाटणं अर्ध्यावर थांबलं. पत्र्याच्या जागी तिला गाल दिसला. सिद्धेशचा, उजवा. रविवारी दुपारी घरातल्या खिडकीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या गालावर तिने असाच पाण्याचा फवारा मारला होता, आणि पाणी असंच, अगदी असंच, न फुटता उतरलं होतं. आणि तिला बरं वाटलं होतं.

"काय बघायलाव मॅडम?" लाइनवरचा ज्योतीराम ओरडला. तो लातूरकडचा, आणि टाक्यांच्या आवाजात ओरडूनच बोलायची त्याला सवय. "पत्रा हाय तो, आरसा न्हाई. पास का फेल?"

"पास," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आल्यासारखा आला.

"मग सोडू का माल ॲसिडात?"

तिने मान हलवली. क्रेन कुरकुरली, बोल्टांनी भरलेलं बॅरल टाकीत उतरलं आणि बारीक बुडबुड्यांचा तो ओळखीचा, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, की हा आवाज आपल्याला ऐकवणार नाही.

लॅबमध्ये येऊन तिने दार लोटून घेतलं. पुन्हा पहिल्यापासून बघू, तिने स्वतःला सांगितलं. कॉलेजमध्ये प्रयोग फसला की ती असंच करायची. भीती वाटायला लागली की पायऱ्या मांडायच्या. बाटली बरोबर होती. ग्लायकॉलिक ॲसिड, तीस टक्के, चेहऱ्यावरची मेलेली कातडी उतरवायला घरी वापरतात तेच सौम्य. तिने नुसत्या लेबलवर विश्वास ठेवला नव्हता. बाटली इथे आणून, काचेचा इलेक्ट्रोड बुडवून त्याचा पीएच मोजला होता. साडेतीनच्या वर. लिंबाच्या रसापेक्षा सौम्यच. ॲसिड मारायला सोड्याचं पाणी आधी करून ठेवलं होतं. घड्याळ लावलं होतं. आदल्या दिवशी कानामागे थेंब लावून पाहिला होता, काही झालं नव्हतं. इथे ती थांबली. कानामागे थेंब लावला, तेव्हा तिथलं तेल काढलं होतं का? नव्हतं. गालावर मात्र ॲसिटोनचा बोळा फिरवला होता. एकदा, मग पाणी फुटलं म्हणून पुन्हा, मग नाकाच्या कडेला फुटलं म्हणून आणखी एकदा, जोर लावून. प्रत्येक वेळी तिला आपण जास्त काळजी घेतोय असं वाटलं होतं. कातडीवरचं तेल आणि वरचा मेलेला थर ही घाण नव्हती. ती भिंत होती. ॲसिडने तिथे अडखळायला हवं होतं, हळू जायला हवं होतं, आणि तिने ती भिंतच काढून टाकली होती. लोखंड स्वच्छ करायची रीत तिने माणसाला लावली होती, आणि ती इतकी नीट लावली होती की चूक कुठे दिसलीच नाही.

तिने सिद्धेशला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. तो फोन उचलत नाही यात नवीन काही नव्हतं. अकरावीत असताना, सगळं बंद होतं त्या काळात, त्याच्या तोंडावर पहिल्यांदा पुटकुळ्या आल्या. आधी सगळेच हसले. पप्पा म्हणाले, "वयात आलाय गडी." मग त्या मोठ्या झाल्या, जांभळ्या, आत गाठी असलेल्या, रात्री उशीवर डाग पाडणाऱ्या. त्याने टूथपेस्ट लावली, लिंबू लावलं, मावशीने मेडिकलमधून आणलेलं कसलंसं गोरं करणारं क्रीम लावलं; क्रीमने महिनाभर तोंड उजळलं आणि नंतर दुपटीने फुललं. लोकांचे मास्क उतरले तेव्हा त्याचा उतरला नाही. डिप्लोमा त्याने मास्कमध्ये केला. वर्गातली पोरं त्याला 'डॉक्टर' म्हणायची. "डॉक्टर, आमचं बीपी बघा ना राव!" तोही हसायचा, मास्कच्या आत, हसतोय की नाही हे दिसायचं नाही. जेवण तो मोरीकडे तोंड करून उभ्याने उरकायचा. कंपनीच्या मुलाखतीत कॅमेरा चालू करा म्हटलं, की नेट गेल्याचं सांगायचा. घरात एकट्या मिनलसमोर तो मास्क काढायचा, तेही दिवा मालवून, मोबाईलच्या उजेडात बोलत बसताना. एकदा ती त्याला चिंचवडला, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. बाई चांगल्या होत्या. गोळ्या देते, रात्री लावायला जेल देते, आणि मग सौम्य पील करू, म्हणजे ॲसिडने वरचा थर उतरवू, थोडं थोडं, अंतर ठेवून, असं समजावत होत्या. पण त्याआधी बाहेर काउंटरवरची मुलगी भरल्या खोलीत म्हणाली होती, "मास्क काढा, फोटो घ्यायचाय," आणि बाकावरची सगळी डोकी वळली होती. परतताना बसमध्ये तो म्हणाला, "ताई, तू रोज लोखंड साफ करतेस ना? मग माझं तोंड कर. मला तिथं पुन्हा नेऊ नको."

तिने लगेच हो म्हटलं नव्हतं, हे ती आता स्वतःला आठवून देत होती. तिने वाचलं होतं, पुष्कळ वाचलं होतं. पण खरं सांगायचं तर हो तिने त्याच बसमध्ये, मनात, म्हणून टाकलं होतं. त्यांच्या घरात मिनलचा शब्द शेवटचा असे. पप्पांनी आयुष्य प्रेस शॉपमध्ये काढलेलं. मुलगी बीएस्सी झाली, तेव्हा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या आबाजींपासून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे नेऊन दिले होते, "आमची केमिस्ट" असं म्हणून. कुकरची शिट्टी का होत नाही, पाण्याला वास कसला येतो, आत्याच्या बीपीच्या गोळ्या दुधासोबत चालतात का, सगळं मिनलला विचारायचं. आणि मिनलला माहीत असायचं. माहीत नसलं, तर ती पाहून सांगायची. माहीत नाही असं ती कधी म्हटल्याचं तिला आठवेना.

तिसऱ्यांदा फोन लावला. मग आईला.

"अगं, उठल्यापासून कडी लावून बसलाय," आई बालवाडीत होती, मागे पोरांचा कालवा चालू होता. "चहाला पण बाहेर आला नाही. पण मजेत होता हं. आतून गाणं म्हणत होता. किती दिवसांनी गं! तू काय जादू केलीस त्याच्यावर?"

मिनलने फोन ठेवला. काल संध्याकाळी तिने तो गाल पाहिला होता. गालफडाच्या हाडावर कॉफीच्या रंगाचा, रुपयाहून मोठा, कडेने कुरकुरीत झालेला डाग. सिद्धेशने स्वतः दिवा लावून दाखवला होता. "सोलायला लागलंय ताई! व्हिडिओत दाखवतात तसंच." आणि ती म्हणाली होती, "हो, आता नवीन कातडी येईल." तिला तेव्हाच कळलं होतं का? पापुद्रा आणि खपली यांतला फरक तिला कळत नव्हता असं नव्हतं. रविवारी पहिलं मिनिट सरायच्या आत गालावर पांढरं उमटलं होतं, वाळत आलेल्या मिठासारखं, आणि तिने धडपडत सोड्याचं पाणी ओतलं होतं. फेस आला. तो म्हणाला, "जळतंय," आणि ती हसली होती. हसून म्हणाली होती, "थोडं जळणारच, ॲसिड आहे, गुलाबपाणी नाही." मग दुसरा गाल का नाही केला तिने? "आज एवढंच, डावी बाजू पुढच्या वेळी," असं का म्हणाली? म्हणजे तिच्या हातांना कळलं होतं. हातांना कळलं आणि तोंडाने ते लपवलं.

लाइनवर जाऊन तिने शिफ्टच्या सरांकडे अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. पॅकिंगमधल्या केसरबाई हातमोजे काढून पाणी पीत होत्या. त्या चाकणच्याच, त्यांच्या शेतावर आता गोदामं उभी. "काय गं, तोंड उतारलंय," त्या म्हणाल्या. "बरं न्हाई व्हय?" आणि त्यांनी लोटा ठेवला तेव्हा कोपराखालचा तो चट्टा मिनलला दिसला. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात उडालेलं ॲसिड. केसरबाई त्याची थट्टा करायच्या, "बग, येवढी जागा गोरी झाली, बाकीची करायची ऱ्हायली." मिनल रोज हसायची. आज ती त्या चट्ट्याकडे बघत राहिली. गुळगुळीत, चमकदार, बिनछिद्रांची कातडी. सगळा हात उन्हात रापला होता, तेवढी जागा नव्हती. "मावशी, हे पहिल्यांदा कसं दिसत होतं?" तिने विचारलं. "लागलं तेव्हा?"

केसरबाईंनी हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे. "काय न्हाई गं. पयल्यांदा काय बी दिसत न्हाई. जरा काळं पडलं, वाटलं जाईल. समदं मागनं दिसतं."

घराकडची बस तळेगाव चौकात अडकली. पुढे ट्रेलर, मागे कंपन्यांच्या गाड्या, मधल्या फटीतून घुसणाऱ्या दुचाक्या. सगळं मागनं दिसतं. मिनलला हे माहीत होतं, केसरबाईंपेक्षा जास्त नेमकं माहीत होतं. बोल्ट ॲसिडात जास्त वेळ राहिला तर बाहेरून चकचकीतच निघतो. पण तेवढ्यात हायड्रोजन आत शिरलेला असतो, लोखंडाच्या पोटात. बोल्ट गाडीला लागतो, घट्ट आवळला जातो, आणि मग कधीतरी, कुणी हात न लावता, आपोआप तुटतो. म्हणून त्यांच्याकडे बोल्ट भट्टीत भाजून तो वायू बाहेर काढतात. कातडीसाठी कुठली भट्टी? आतल्या रंग बनवणाऱ्या पेशी भडकल्या असतील, तर त्या आत्ताही काम करत असतील. या क्षणी, ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसलेली असताना, गालाच्या आत काळा रंग तयार होत असेल आणि खाली उतरत असेल, जिथवर कुठलंच क्रीम पोचत नाही. सावळ्या कातडीला याचाच धोका जास्त, हे तिने वाचलं होतं. रात्री वाचताना त्या ओळीखाली मनातल्या मनात रेघही मारली होती, आणि म्हटलं होतं, पण आपण काळजी घेणार आहोत.

पुटकुळ्या निदान सगळ्यांना येतात. पुटकुळ्या जातात, असं लोक म्हणतात तरी. हा डाग कुणाचा? याला काय म्हणायचं? तिला समोर दिसू लागलं, तो तिशीचा, चाळिशीचा झालाय, आणि अजून मोरीकडे तोंड करून जेवतोय, आणि घरातलं कुणी आता त्याच्यासमोर दिवा लावत नाही. मोशीच्या पुढे बस सुटली तसा वारा आत आला, आणि तिने नकळत आपल्याच उजव्या गालावर हात ठेवला. गाल गार होता. काही झालेलं नव्हतं. तिला त्याचाच राग आला.

निगडीच्या यमुनानगरात, तिसऱ्या मजल्यावर, दाराच्या फटीतूनच तिला वास आला. गोडसर, झोंबणारा. ॲसिटोन.

"सिद्धू! कडी काढ!"

आत खुर्ची सरकली. "ताई? लवकर कशी? थांब, थांब, हात भरलेत."

"सिद्ध्या, आधी कडी काढ!"

त्याने कोपराने कडी काढली. तो मास्कशिवाय होता, भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या. हातात तिचेच निळे मोजे, टेबलावर बाटली, ब्रश, वाटीत सोड्याचं पाणी, भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर घड्याळ लावून तयार. डावा गाल लालबुंद झाला होता, पुसून पुसून. पाणी मारून तो आरशात बघत असणार. थेंब हनुवटीवरून अजून टपकत होते.

"म्हटलं तुझा रविवार कशाला घालवू," तो म्हणाला. "सगळं तुझ्यासारखंच केलंय बघ. तुझ्याहून एकदा जास्तच पुसलं. आणि हे बघ, इकडे बघ आधी!" त्याने उजवा गाल उजेडाकडे केला. खपलीचा एक कोपरा त्याने नखाने काढला होता. खाली ओलसर, गुलाबी, काचेसारखी चमकणारी जागा. "एक तरी पुटकुळी दिसते का? गुळगुळीत! ताई, हात लावून बघ. मी सकाळपासून किती वेळा बघितलं माहितीये?"

त्याचे डोळे. ते तिने कितीतरी दिवसांत असे पाहिले नव्हते, उघड्या तोंडावरचे, हसणाऱ्या तोंडाबरोबर हसणारे. तिला वाटलं, आज नको. आज नुसती बाटली उचलायची, म्हणायचं की दोन पील्समध्ये अंतर हवं, म्हणून थांबू. खोटंही नव्हतं ते. तो ऐकेल. तो तिचं सगळं ऐकतो. डाग काळा पडायला लागेल तेव्हा म्हणता येईल, की तुझी कातडीच नाजूक, तू खपली काढलीस, तू उन्हात गेलास. त्याच्यावर ढकलता येईल आणि तो ते मान्यही करेल. हे सगळं इतकं भराभर, इतकं सुरळीत तिच्या डोक्यात मांडलं गेलं, की तिला आपलीच भीती वाटली.

"ब्रशला हात लावू नको," ती म्हणाली. "सिद्धू, ही नवी कातडी नाही. हे भाजलंय."

तो हसतच होता. "म्हणजे?"

"मी भाजलं. मी पुसलं फार. कंपनीत पुसतो तसं पुसलं. तिथं तसंच करतात, इथं नाही करायचं. ॲसिड जायला नको तितकं आत गेलं. मला रविवारीच शंका आली होती." शेवटचं वाक्य बोलायची तिची तयारी नव्हती, ते आपणहून बाहेर पडलं.

हळूहळू, आधी डोळे, मग तोंड, असं त्याचं हसू मागे गेलं. त्याने मोजे काढले, एक एक बोट ओढत. मग आरशाकडे वळून उजवा गाल पुन्हा पाहिला, तोच गाल, त्याच उजेडात. आणि तो आता त्याला कसा दिसत असेल हे तिला त्याच्या पाठीवरून कळलं.

"तू म्हणालीस नवीन कातडी येईल."

"हो."

"काल म्हणालीस."

"हो."

"मी आईला सांगितलं." त्याचा आवाज चिरकला. "मी आज सकाळी चाकणच्या एका कंपनीच्या मुलाखतीला हो म्हणून टाकलं. समोर येतो म्हटलं. समोर!"

तिने त्याचा डावा गाल गार पाण्याने धुतला. त्याने धुऊ दिला, पण डोळे मिटले नाहीत; ती काय करते ते तो पाहत होता. बाटली तिने पिशवीत घातली, डॉक्टरला दाखवायला. दाराशी त्याने खिशातून मास्क काढला, लावला, आणि कपडा खपलीला लागताच 'स्स' करून पुन्हा काढला. दुसऱ्यांदा लावून पाहिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ घेतला आणि गाल आधी समोरून, मग बाजूने तपासला. काउंटरवरच्या मुलीने या वेळी काही काढायला सांगितलं नव्हतं. "कुणी केलं?" बाईंनी विचारलं, आणि सिद्धेश छताकडे बघत राहिला. मिनलने सांगितलं. तेल कसं काढलं, किती वेळा, पाण्याची परीक्षा कशी घेतली, सगळं. बाई ऐकता ऐकता एकदा थांबल्या, तिच्याकडे नीट पाहिलं. "पाण्याची परीक्षा? चेहऱ्यावर?" मग त्यांनी फक्त मान हलवली, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मिनलला वाटलं. जखम वरच्या थरात आहे, खोल व्रण बहुधा होणार नाही, त्या म्हणाल्या. डाग राहील. काही महिने, कदाचित जास्त. खपलीला हात नाही, कपडा घासू द्यायचा नाही, आणि ऊन अजिबात नाही. आज या ओल्या जागेवर सनस्क्रीनसुद्धा लावता येणार नाही, तेव्हा सावलीतून घरी जा.

बाहेर ऊन तिरपं झालं होतं आणि रिक्षा एकही थांबत नव्हती. ते बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले. ऊन उजवीकडून येत होतं. मिनल त्याच्या उजव्या बाजूला गेली, अगदी खेटून, म्हणजे तिची सावली त्याच्या गालावर पडेल. पण तो तिच्यापेक्षा डोकंभर उंच, सावली खांद्यापर्यंतच पोचायची. तिने ओढणी डोक्यावर घेतली, एक टोक हाताने उंच ताणून धरलं. आता गाल झाकला जात होता. समोरून येणारी माणसं आधी तिच्या वर केलेल्या हाताकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो ते बघणं एक एक करून सोसत होता, तिला ते त्याच्या चालीत कळत होतं. हात भरून आला. खाली घ्यायचं धैर्य होईना.

"ताई," तो पुढे बघतच म्हणाला. "जाईल ना हे?"

हो हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, घरातल्या सगळ्या प्रश्नांना तिने आजवर दिला होता तसा.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही, सिद्धू."

दोघं चालत राहिली, गाड्यांच्या आवाजातून, तिचा हात तसाच वर. पुढे रस्ता वळला आणि ऊन एकदम समोरून, मग दुसऱ्याच बाजूने आलं. पुसून लाल झालेला डावा गाल आता उघडा पडतोय हे तिला दिसलं, आणि ती सरकायच्या आतच तो थांबला, तिला वळसा घालून पलीकडे आला, आणि जरा वाकून तिच्या सावलीत चालू लागला.